मौलवींना 'मुस्लिम प्रीस्ट' लिहिलं तर चालतं का? (वेगवेगळ्या धर्मांतल्या धर्मगुरूंसाठी इंग्लिश शब्द)

निशिगंध
मंडळी, जरा मदत हवीये. एका सर्वधर्म परिसंवादाची पत्रिका मराठीतून इंग्लिशमध्ये केलेली आहे आणि ती तपासायला माझ्याकडे आलीये. मराठीत वक्त्यांना सरसकट 'धर्मगुरू' लिहिलंय, ते कसं छान खपून जातं. इंग्लिश करणाऱ्याने मग सगळीकडे प्रीस्ट ठोकून दिलाय. मुस्लिम प्रीस्ट, सिख प्रीस्ट, जैन प्रीस्ट, ज्यू प्रीस्ट, बुद्धिस्ट प्रीस्ट, आणि चर्चकडून एक बाई येणारेत त्यांना चक्क प्रीस्टेस! वाचताना खटकतंय एवढं नक्की, पण त्या जागी काय घालू ते सुचत नाहीये. इमाम, मौलवी, मुफ्ती यांच्यात फरक काय? फादर, पास्टर, रेव्हरंड, व्हिकर हे सगळे एकच का? आणि प्रत्येक धर्मात कोण कोणाच्या वर असा एखादा तक्ता मिळेल का, म्हणजे मी तो समोर ठेवून पटापट बदलत जाईन.

तिरकस
सगळ्यांना 'रिलिजस लीडर' लिही आणि झोप शांत. कोणी नाराज नाही, कोणी खूष नाही.

निशिगंध
तिरकस, आठ वक्ते आहेत हो, आठ वेळा रिलिजस लीडर लिहिलं तर पत्रिका वाचायला कोण घेणार :)

जुनाट
निशिगंध, आधी तो तक्ता डोक्यातून काढा. धर्म बदलला की शिडीच बदलते, आणि काही धर्मांत शिडी नसतेच. त्यामुळे 'कोण वरचा' यापेक्षा 'हा माणूस काय काम करतो' हे विचारा. पूजाविधी करतो? शिकवतो? धार्मिक कायद्यावर मत देतो? सामुदायिक प्रार्थनेत पुढे उभा राहतो? का घरदार सोडून व्रतस्थ झालाय? ही पाच कामं वेगळी आहेत आणि इंग्लिशमध्ये त्यांना शब्दही वेगळे आहेत. आपला 'धर्मगुरू' पाचही एका पोत्यात घालतो म्हणून घोळ होतो.

आता प्रीस्ट. शब्द आला ग्रीक प्रेस्बुतेरोसवरून, म्हणजे नुसता 'वडीलधारा', पण आज त्याचा अर्थ देव आणि भक्त यांच्या मध्ये उभा राहून विधी करणारा, ज्याच्याशिवाय तो विधी पुराच होत नाही असा माणूस. हा अर्थ कॅथलिकांना लागू पडतो, देवळातल्या पुजाऱ्याला पडतो, पारशांच्या अग्यारीतल्या मोबेदांना पडतो. इस्लाममध्ये अशी मध्यस्थाची जागाच नाही, शीख धर्मात नाही, आजच्या ज्यू धर्मातही जवळजवळ नाही. म्हणून 'मुस्लिम प्रीस्ट' हे नुसतं खटकणारं नाही, चूक आहे.

गुलबकावली
जुनाट यांना दुजोरा. मुस्लिमांबद्दल मी लिहिते, घरातले शब्द आहेत.

इमाम म्हणजे जो पुढे उभा राहून नमाज पढवतो. मशिदीत नेमलेला इमाम असतो तसा चार माणसं प्रवासात एकत्र नमाज पढत असतील तर त्यातला एक जण तेवढ्यापुरता इमाम होतो, त्याला कुठली दीक्षा बिक्षा लागत नाही. मौलवी आणि मौलाना हे शिकलेल्या माणसाला मानाने म्हणायचे शब्द, पद नाही. मौलाना म्हणजे 'आमचे स्वामी' असं काहीतरी, आणि मुल्ला पण त्याच मौलावरून. आपल्या भागाबाहेर मौलाना शब्द कमी लोकांना कळतो, अरब देशांत शेख म्हणतात. मुफ्ती फतवा देतो, आणि फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर दिलेलं धार्मिक मत, बातम्यांमध्ये त्याचा अर्थ मृत्युदंड असल्यासारखा वापरतात ते वेगळंच. काझी हा न्यायाधीश, इंग्लिशमध्ये जुन्या पुस्तकांत कॅडी असंही दिसतं. हाफिज म्हणजे ज्याला पूर्ण कुराण पाठ आहे तो, मग तो व्यवसायाने इंजिनिअर का असेना. बांग देतो तो मुएझ्झिन, शुक्रवारचं खुतबा म्हणजे प्रवचन देणारा खतीब, बऱ्याचदा इमामच ते काम करतो.

एकच माणूस इमामही असेल, हाफिजही आणि मुफ्तीही. म्हणून तुमच्या वक्त्यांना फोन करून विचारा की काय लिहू. आणि उलेमा हा शब्द अनेकवचनी आहे, एकट्या माणसाला 'अ प्रॉमिनंट उलेमा' लिहिलेलं दिसतं ते चूक, एकवचन आलिम.

ठोकळा
इमाम म्हणजे नमाज पढवणारा, मग आगा खान इमाम कसे? ते तर मशिदीत नमाज पढवायला उभे असलेले कधी दिसले नाहीत.

गुलबकावली
चांगला प्रश्न. शिया पंथांत इमाम हा शब्द फार वरचा आहे. पैगंबरांच्या वंशातले, समाजाचं नेतृत्व ज्यांच्याकडे आलं असे ते इमाम. बारा इमाम मानणारे शिया बाराव्या इमामांनंतर कोणाला त्या अर्थाने इमाम मानत नाहीत, ते गुप्त आहेत आणि परत येतील अशी श्रद्धा आहे. निझारी इस्मायलींची परंपरा मात्र चालूच आहे, चौथे आगा खान २०२५च्या फेब्रुवारीत गेले आणि त्यांचे चिरंजीव ५०वे इमाम झाले. दाऊदी बोहरांचे सय्यदना हे इमाम नव्हेत, गुप्त इमामांच्या वतीने काम बघणारे दाई अल मुतलक. तेव्हा कॅपिटल अक्षराने लिहिलेला इमाम आणि मोहल्ल्यातला इमाम यांत जमीन अस्मानाचा फरक.

बारा इमामवाल्या शियांमध्ये शिकलेल्या लोकांची उतरंड बऱ्यापैकी ठरलेली आहे, होज्जतोलइस्लाम, त्यावर आयातोल्ला म्हणजे 'ईश्वराची खूण', त्यावर ग्रँड आयातोल्ला. सुन्नी माणसाला चुकूनही आयातोल्ला लिहू नका. सुन्नींकडे अशी उतरंड नाही पण मोठ्या संस्थांची पदं आहेत, कैरोच्या अल अझहरचे प्रमुख ग्रँड इमाम म्हणवतात, आणि इजिप्तचे ग्रँड मुफ्ती हे पद वेगळं, माणूस वेगळा.

तिरकस
पेपरवाले मात्र सगळ्यांना 'क्लेरिक' लिहून मोकळे होतात. रॅडिकल क्लेरिक, फायरब्रँड क्लेरिक. सॉफ्ट स्पोकन क्लेरिक कधी वाचला नाही अजून.

जुनाट
हा हा, खरंय. क्लेरिक आणि क्लार्क हे मुळात एकच शब्द बरं का. मध्ययुगात युरोपात लिहिता वाचता येणारे लोक बहुतेक चर्चचे, म्हणून लिहिणारा तो क्लार्क. आजही 'क्लेरिकल' म्हटलं की धर्मगुरूंचं आणि कारकुनाचं असे दोन्ही अर्थ होतात, क्लेरिकल कॉलर एक आणि क्लेरिकल एरर दुसरा.

वापराच्या दृष्टीने क्लर्जी हा समूहवाचक शब्द, 'द क्लर्जी' म्हणजे सगळे मिळून. एकट्याला क्लर्जीमॅन म्हणायचे, आता बायकाही असतात म्हणून मेंबर ऑफ द क्लर्जी. याच्या उलट बाजूचे सामान्य भाविक म्हणजे लेइटी, एकटा तो लेमॅन. 'इन लेमॅन्स टर्म्स' आपण रोज म्हणतो ते तिथलंच. क्लर्जी हा शब्द ख्रिश्चन वळणाचा आहे, इस्लामला लावला की काही जण नाक मुरडतात, पण क्लेरिक मात्र पत्रकारितेत रुळून गेलाय. पत्रिकेत नको, बातमीसारखं वाटतं.

घंटाघर
चर्चचं मी घेतो, मी कॅथलिक आहे, बाकीच्यांचं ऐकून वाचून माहिती.

आमच्याकडे दीक्षेच्या पायऱ्या फक्त तीन. डीकन (प्रीस्टच्या खालची पायरी), प्रीस्ट, बिशप. बस. आर्चबिशप हा बिशपच, जरा मोठ्या धर्मप्रांताचा. कार्डिनल ही दीक्षेची पायरी नाही, पोपने दिलेलं पद आहे, आणि ८० वर्षांखालचे कार्डिनल नवा पोप निवडतात, ही वयाची अट १९७० साली पोप सहावे पॉल यांनी घातली. बहुतेक सगळे कार्डिनल आधीच बिशप असतात पण असायलाच पाहिजेत असं नाही, एव्हरी डलेस नावाचे जेझुइट संघाचे प्रीस्ट २००१ मध्ये थेट प्रीस्टचे कार्डिनल झाले, बिशप कधीच नव्हते. म्हणून 'कार्डिनल बिशपच्या वर' हे मानाच्या रांगेत खरं, दीक्षेत नाही. आणि पोप म्हणजे रोमचे बिशप, दीक्षा तीच. २०२५च्या मे मध्ये चौदावे लिओ निवडून आले तेव्हा या सगळ्या शब्दांची टीव्हीवर उजळणी झालीच होती. पोप फक्त एकच असतो असंही नाही बरं का, इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचे प्रमुखही पोपच, हल्ली पोप तवाद्रोस दुसरे.

फादर हे पद नाही, संबोधन आहे. नोकरीच्या रकान्यात फादर लिहीत नाहीत, प्रीस्ट लिहितात, हाक मारताना फादर. पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचा, प्रमुख तो पॅरिश प्रीस्ट, अमेरिकेत त्यालाच पास्टर म्हणतात, त्यामुळे पास्टर म्हणजे प्रोटेस्टंटच असं समजू नका. बिशपना युअर एक्सलन्सी, कार्डिनलना युअर एमिनन्स, पोपना युअर होलिनेस. मॉन्सिन्योर ही पोपकडून काही प्रीस्टना मिळणारी मानाची पदवी.

मंक, फ्रायर आणि ब्रदर यात लोक फार गोंधळतात. मंक मठात राहतो, बेनेडिक्टाइन वगैरे, मठाचा प्रमुख ॲबट, बाई असेल तर ॲबेस. फ्रायर हा भिक्षेकरी संघांतला, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, तो गावोगाव फिरतो, मठात कोंडून घेत नाही. जेझुइट हे मंकही नव्हेत आणि फ्रायरही नव्हेत. नन आणि सिस्टरचं तेच, काटेकोर बोलायचं तर नन म्हणजे मठाच्या आत राहून प्रार्थनेला वाहून घेतलेली, शाळा दवाखान्यात काम करणाऱ्या त्या सिस्टर. पण रोजच्या इंग्लिशमध्ये सगळ्यांनाच नन म्हणतात आणि आमच्या सिस्टर काही भांडायला येत नाहीत.

पेन्सिल
घंटाघर काका, मस्त माहिती! पण मग इंग्लिश कादंबऱ्यांत खून झाला की तिथे हमखास एक व्हिकर चहा पीत असतो तो कोण?

घंटाघर
तो चर्च ऑफ इंग्लंडचा, म्हणजे ॲंग्लिकन. ते प्रोटेस्टंट असले तरी बिशप, प्रीस्ट, डीकन हे तिन्ही त्यांनी ठेवले. व्हिकर, रेक्टर, क्युरेट ही तिथल्या पॅरिशमधली नेमणुकीची नावं, दीक्षेने तिघेही प्रीस्ट असतात (क्युरेट पहिल्या वर्षी बहुधा डीकन). पूर्वी गावाच्या उत्पन्नाचा दशमांश चर्चला जायचा, तो पूर्ण ज्याच्याकडे यायचा तो रेक्टर. जिथे तो मठाकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे जायचा तिथे त्यांच्या वतीने काम बघणारा बदली माणूस तो व्हिकर, त्याला दशमांशाचा लहान वाटा. 'व्हायकेरिअस प्लेझर' मधला व्हायकेरिअस तोच, दुसऱ्याच्या वतीने. आता दोघांनाही पगारच असतो, नावं तेवढी राहिली. क्युरेट म्हणजे हल्ली शिकाऊ सहायक.

कावेरी_म
प्रीस्टेसबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते. निशिगंध, तो शब्द पहिला काढ! प्रीस्टेस हा प्राचीन ग्रीस, रोम, इजिप्त इथल्या देवळांमधल्या स्त्रियांसाठी किंवा आजच्या 'विका' या नव-मूर्तिपूजक पंथासारख्या पंथांसाठी. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९९४ साली पहिल्यांदा स्त्रियांना प्रीस्टची दीक्षा मिळाली तेव्हा विरोध करणारे लोक त्यांना हिणवायला प्रीस्टेस म्हणायचे, त्यामुळे तो शब्द तिथे शिवीच्या जवळ गेलाय. स्त्री असो पुरुष असो, शब्द प्रीस्टच. पहिल्या स्त्री बिशप लिबी लेन २०१५ मध्ये आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशप म्हणून जाहीर झालं, त्यांनाही कोणी आर्चबिशपेस म्हटलं नाही.

डीकनेस मात्र वेगळं प्रकरण, काही चर्चमध्ये ती स्त्रियांसाठीची स्वतंत्र सेवा आहे, म्हणजे डीकनेस आणि स्त्री डीकन एकच समजू नये.

निशिगंध
कावेरी थँक्यू गं. त्या बाईंच्या कार्डावर 'रेव्हरंड कॅनन' असं आहे. हे काय असतं? मला आधी छपाईची चूक वाटली.

कावेरी_म
कॅनन म्हणजे कॅथीड्रलच्या (बिशपच्या मुख्य चर्चच्या) मंडळातला सभासद, किंवा मानाने दिलेली पदवी. स्पेलिंगमध्ये मधे एकच एन, दोन टाकलेस तर बाईंची तोफ होईल. ॲंग्लिकन असणार त्या. मग 'ॲंग्लिकन प्रीस्ट' लिहिलंस तर अगदी बरोबर.

जुनाट
रेव्हरंडवरून एक. हे नाम नाही, विशेषण आहे, 'आदरणीय' सारखं. त्यामुळे जुन्या शिस्तीत आधी 'द' आणि मागे पूर्ण नाव लागतं, द रेव्हरंड मेरी ब्राउन. नुसतं 'रेव्हरंड ब्राउन' किंवा 'अ रेव्हरंड केम टु सी मी' म्हणजे 'एक आदरणीय भेटायला आले'. अमेरिकेत सर्रास म्हणतात, चालतं, पण छापील पत्रिकेत नको. याच्याही पुढे पायऱ्या आहेत आणि त्या मला दरवेळी गमतीच्या वाटतात, डीनला (कॅथीड्रलच्या प्रमुखाला) व्हेरी रेव्हरंड, बिशपला राइट रेव्हरंड, आर्चबिशपला मोस्ट रेव्हरंड. आर्चडीकनला व्हेनरेबल. हाच व्हेनरेबल कॅथलिकांमध्ये संतपदाच्या वाटेवर असलेल्या मृत व्यक्तीला लावतात, आणि बौद्ध भिक्खूंना जिवंतपणी, भन्तेला इंग्लिश शब्द म्हणून. एकच विशेषण आणि तीन ठिकाणी तीन अर्थ, तेव्हा कोणाच्या नावामागे लागतंय ते बघून लावा.

ठोकळा
आणि मिनिस्टर? 'ही इज अ मिनिस्टर' ऐकून मी एकदा समोरच्याला खातं कुठलं विचारलं होतं.

घंटाघर
:D मिनिस्टर म्हणजे मूळ लॅटिनमध्ये सेवक, दोन्हीकडचे सेवकच, कागदोपत्री तरी. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट यांच्यात प्रीस्ट शब्द टाळतात कारण प्रत्येक भाविक स्वतःच देवापुढे उभा राहू शकतो असं सुधारणावादी मत, मध्यस्थ नको. म्हणून मिनिस्टर किंवा पास्टर, पास्टर म्हणजे मेंढपाळ. प्रेस्बिटेरियनांचा बिशप नसतो, निवडलेले एल्डर असतात आणि सभेचा अध्यक्ष मॉडरेटर.

पण एल्डर शब्दावर भरवसा ठेवू नका. मॉर्मन लोकांची अठरा एकोणीस वर्षांची मुलं प्रचाराला दारोदार फिरतात, त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर एल्डर अमुक असंच असतं, आणि मॉर्मनांचा बिशप म्हणजे एका मंडळीपुरता बिनपगारी माणूस, दिवसा तो दंतवैद्य असू शकतो. साल्व्हेशन आर्मीत तर कॅप्टन, मेजर, आणि सगळ्यांच्या वर जनरल. क्वेकरांच्या पारंपरिक सभांना पुढारीच नाही, सगळे शांत बसतात, ज्याला आतून वाटेल तो बोलतो.

ऑर्थोडॉक्स चर्चचं एका वाक्यात, वर पेट्रिआर्क, मग मेट्रोपॉलिटन, लग्न झालेला माणूस तिथे प्रीस्ट होऊ शकतो पण बिशप व्रतस्थांमधूनच निवडतात.

शांताराम_नाना
बहाई समाजातही पुरोहितवर्ग नाहीच, निवडलेली मंडळं कारभार बघतात, हैफातलं नऊ जणांचं विश्व न्यायमंदिर १९६३ पासून आहे.

बौद्धांबद्दल. मंक हा शब्द थेरवादी भिक्खूंना ठीक, स्त्रियांना नन, किंवा सरळ भिक्खू आणि भिक्खुनी लिहा, इंग्लिश कोशात दोन्ही आहेत. तिबेटी परंपरेत प्रत्येक मंक लामा नसतो, लामा म्हणजे गुरू, शिकवण्याचा अधिकार असलेला. रिंपोचे म्हणजे 'मौल्यवान', अवतारी मानलेल्या लामांना लावतात. दलाईमधला दलाई मंगोल भाषेतला, अर्थ समुद्र, अल्तान खानाने १५७८ मध्ये दिलेली ती पदवी. जपानमध्ये मात्र बुद्धिस्ट प्रीस्ट लिहिणं चुकीचं नाही, कारण १८७२ साली सरकारने भिक्षूंच्या लग्नावरची बंदी उठवली आणि आता मंदिर सांभाळणारे बरेच जण संसारी असतात, अंत्यविधी करतात, मुलगा पुढे तेच करतो. त्याला मंक म्हटलं तर वाचणारा ब्रह्मचारी समजेल. म्हणजे बघा, एकाच धर्मात एका देशात प्रीस्ट चूक आणि दुसऱ्यात बरोबर.

जैन मुनींना प्रीस्ट अजिबात नको. मुनी आणि साध्वी म्हणजे मंक आणि नन, त्यांच्यात आचार्य, उपाध्याय ही पदं. देरासरात पूजाअर्चा करणारा पुजारी तो प्रीस्ट, आणि कित्येकदा तो जैनही नसतो. दिगंबरांचे भट्टारक हे मठाचे प्रमुख, वस्त्र वापरतात, वाहनाने प्रवास करतात, मुनींचे सगळे नियम त्यांना नाहीत, त्यांना मंक लिहिताना मी तरी दोनदा विचार करेन.

पेन्सिल
शिखांचं मी सांगते, मैत्रिणीकडून ऐकून पक्कं झालेलं. गुरुग्रंथसाहिबचं पठण करणारे, सेवा बघणारे ते ग्रंथी. कीर्तन करणारे रागी. अभ्यासू माणसाला ग्यानी. तख्ताचे, म्हणजे शिखांच्या मोठ्या धर्मपीठाचे, प्रमुख जथेदार, इंग्लिश पेपर त्यांना हाय प्रीस्ट लिहितात आणि शीख मंडळी दरवेळी वैतागतात, कारण १७०८ नंतर गुरू म्हणजे ग्रंथच, मधला माणूस कोणी नाही. ग्रंथी पुरुषच असावा असाही नियम नाही. 'सिख प्रीस्ट'च्या जागी सरळ ग्रंथी लिही आणि हवं तर पुढे चार शब्दांत काम सांग.

जुनाट
ज्यू प्रीस्टबद्दल गंमत अशी की तो शब्द चूक नाही, जुना आहे. जेरुसलेमचं मंदिर होतं तेव्हा तिथे खरेच प्रीस्ट होते, त्यांना कोहेन म्हणत, वर हाय प्रीस्ट. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि यज्ञविधी थांबले. कोहेन घराण्यांना आजही काही मान आहेत, पण धुरा गेली रॅबायकडे. रॅबाय म्हणजे शिक्षक, 'माझे गुरुजी', त्याचं काम शिकवणं आणि धर्मनियमांचा निर्णय देणं. सामुदायिक प्रार्थनेला रॅबाय लागतोच असं नाही, परंपरेने दहा प्रौढ पुरुष जमले की झालं. प्रार्थना गाऊन पुढे नेतो तो कँटर, हिब्रूत हझान. हसिदी पंथांच्या प्रमुखाला रेबे म्हणतात. पहिल्या स्त्री रॅबाय रेगिना योनास, जर्मनीत १९३५ साली, तरी कर्मठ शाखांत आजही बहुतेक ठिकाणी मान्य नाही. इस्राएलमध्ये चीफ रॅबाय दोन असतात, अश्केनाझी आणि सेफार्दी.

पारशांना प्रीस्ट बरोबर. नावर हा दीक्षाविधी झाला की एर्वद, सर्वसाधारण शब्द मोबेद, आणि वरचे दस्तूर म्हणजे हाय प्रीस्ट. इंग्लिशमधला मॅजिक हा शब्दही प्राचीन इराणच्या याच पुरोहितांवरून, मेगस, अनेकवचन मेजाय.

तिरकस
सगळ्यांचं झालं, हिंदूंचं कोण बघणार? आपल्याकडे इंग्लिश पेपरात एकतर 'सीअर' असतो नाहीतर 'गॉडमॅन'. आवडला तर सीअर, अटक झाली की गॉडमॅन.

कावेरी_म
तिरकस, हे पहिल्यांदा पटलं तुझं! पुजारी आणि पुरोहित दोघांना प्रीस्ट, यात वाद नाही, मंदिराचे मुख्य असतील तर हेड प्रीस्ट किंवा चीफ प्रीस्ट. स्वामी, गुरू, आचार्य हे इंग्लिशमध्ये जसेच्या तसे चालतात. पंडित जपून, कारण पंडिट हा इंग्लिशमध्ये टीव्हीवर निवडणुकीचे अंदाज सांगणारा झालाय, आणि गुरूही फिटनेस गुरू, मार्केटिंग गुरू असा कुठेही जाऊन बसलाय, पण नावाआधी लावला की अर्थ ठीक कळतो. सीअर मात्र भारतीय इंग्लिशचा शब्द समज, बाहेरच्या वाचकाला सीअर म्हणजे भविष्य सांगणारा वाटतो. गॉडमॅन तर मुळीच नको, त्यात टिंगल आहे, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रात हाच शब्द येशूसाठी येतो.

शंकराचार्यांना पेपर पाँटिफ लिहितात ते मला खटकतं, तो पोपचा शब्द आहे.

जुनाट
कावेरी, इथे थोडा असहमत. पाँटिफ हा पोपांच्याही आधीचा. पाँटिफेक्स मॅक्सिमस हे ख्रिस्तपूर्व रोममधलं मुख्य पुरोहितपद, ज्युलिअस सीझरकडे ते इसवी सन पूर्व ६३ पासून होतं, म्हणजे मूर्तिपूजकांचाच शब्द चर्चने घेतला. मग मठाधिपतींना लावला तर काय बिघडलं?

कावेरी_म
शब्दाचं मूळ काहीही असो, आज पाँटिफ वाचल्यावर व्हॅटिकनच डोळ्यांपुढे येतं ना? वाचणाऱ्याच्या डोक्यात काय उमटतं ते महत्त्वाचं. शंकराचार्य हेच पद आहे, तेच लिहावं आणि पीठाचं नाव जोडावं. महंतांना 'हेड ऑफ द मठ'.

जुनाट
पत्रिकेपुरतं तुमचं मान्य. वादापुरतं नाही.

घंटाघर
निशिगंध, क्रियापदंही तपासा, घोळ तिथेही असतो. इमाम लीड्स प्रेअर्स. प्रीस्ट सेलिब्रेट्स मास किंवा सेज मास, 'डूज मास' नाही. लग्न लावणारा कुठल्याही धर्माचा असो, ऑफिशिएट्स ॲट अ वेडिंग. मुफ्ती इश्यूज अ फतवा. दीक्षा देणं हे चर्चच्या आणि रॅबायच्या बाबतीत ऑर्डेन, इमामला आणि ग्रंथींना ऑर्डेन करत नाहीत, अपॉइंट करतात. जैन मुनी टेक्स दीक्षा किंवा इज इनिशिएटेड. प्रवचनाला चर्चमध्ये सर्मन, त्या दिवशीच्या बायबल वाचनावर असेल तर होमिली, हिंदू जैन प्रवचनाला डिस्कोर्स. प्रे आणि प्रीच तर कृपा करून वेगळे ठेवा.

शांताराम_नाना
अवांतर: कुठल्याच धर्माला न चिकटलेला शब्द हवा असेल तर चॅप्लिन. दवाखाना, तुरुंग, सैन्य, विद्यापीठ अशा ठिकाणी नेमलेला. सुरुवातीला ख्रिश्चनच असायचे, आता मुस्लिम चॅप्लिन, हिंदू चॅप्लिन, काही ठिकाणी तर निरीश्वरवादी ह्युमनिस्ट चॅप्लिनही असतात. ब्रिटिश सैन्यात त्यांना हाक मारताना पाद्रे म्हणतात, आपला पाद्री ज्या पोर्तुगीजांकडून आला तिथलाच तो.

निशिगंध
अरे बापरे, केवढं दिलंत सगळ्यांनी! सगळ्यांना फोन करून झाले. मुस्लिम वक्ते म्हणाले इमाम आणि इस्लामिक स्कॉलर लिहा. जैन साध्वीजींना जैन नन चालेल पण नावाआधी साध्वी हवंच. शीख काका ग्रंथी. बौद्ध भन्तेंना व्हेनरेबल. पारशी एर्वद, पुढे झोरोॲस्ट्रियन प्रीस्ट. चर्चच्या बाई द रेव्हरंड कॅनन आणि पूर्ण नाव. हिंदू वक्ते स्वामी आहेत, ते मठातले संन्यासी आहेत म्हणून हिंदू मंक लिहिलं तर त्यांची हरकत नाही. रॅबायना इमेल करायचीये, सुरुवात कशी करू? मिस्टर की काय?

जुनाट
मिस्टर नको. 'डिअर रॅबाय' आणि पुढे आडनाव. तसंच 'डिअर इमाम' चालतं. कॅनन बाईंना 'डिअर कॅनन' आणि आडनाव, 'डिअर रेव्हरंड' नको.

ठोकळा
आणि पत्रिकेत पद नावाआधी आलं तर कॅपिटल, नुसतं मधे आलं तर स्मॉल. 'इमाम' नावाला जोडून असेल तर मोठा आय, 'द इमाम विल स्पीक' मध्ये छोटा. बऱ्याच वृत्तसंस्था पोपलाही हाच नियम लावतात.